आधीं वाक्य, मग नांव

आजच्या भाषणाचा विषय पाहून आपल्यापैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. संगणकाच्या आज्ञावलींतील एका बारीकशा गोष्टीविषयीं बोलावयास एक निवृत्त शिक्षक, आणि तोही केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढें कां यावा? त्याचें कारण असें कीं, ही गोष्ट मला कोणत्याही ग्रंथांतून कळलेली नाहीं. ती बोईसर येथें माझ्या घराच्या ओटीवर, एका विद्यार्थ्याच्या आडनांवावरून उडालेल्या फजितींतून कळली. आणि कळल्यावर मला असें वाटलें कीं, जिला आपण यंत्राची विद्या म्हणतों ती पुष्कळ अंशीं व्याकरणाचीच विद्या आहे. आणि व्याकरण शिकविण्यांत तर माझा सारा जन्म गेला.

ज्या शाळेंत मी अनेक वर्षें नोकरी केली तिच्या माजी विद्यार्थ्यांनीं एक मेळावा भरविण्याचें ठरविलें, व त्यासाठीं सर्व जुन्या विद्यार्थ्यांची यादी संगणकावर असावी अशी टूम निघाली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत काम करणारा माझा एक विद्यार्थी हौसेनें हें काम शिकला होता. त्यानें पीएचपी नांवाच्या भाषेंत नोंदी भरण्याचें एक पान तयार केलें. ही भाषा रासमुस लेर्डोर्फ या ग्रीनलंडांत जन्मलेल्या गृहस्थानें १९९५ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. आरंभीं ती म्हणजे स्वतःच्या पृष्ठाची निगा राखण्यापुरतीं चार हत्यारें होतीं. आज मराठी विकिपीडिया ज्या यंत्रणेवर चालतो तीही याच भाषेंत लिहिलेली आहे. पानावर भरलेली नोंद ही भाषा स्वतःजवळ ठेवीत नाहीं. ती मायएसक्यूएल नांवाच्या डेटाबेसाकडे, म्हणजे नोंदींच्या कोठाराकडे धाडते, आणि कोठाराच्या रखवालदाराशीं तिला ज्या भाषेंत बोलावें लागतें ती भाषा निराळी. तिचीं वाक्यें अगदीं आज्ञार्थी असतात : अमुक कोष्टकांत ही ओळ घाल, तमुक कोष्टकांतून, ज्यांचें आडनांव असें आहे त्या ओळी दे.

मी जनरल रजिस्टर उघडून नांवें वाचीत होतों व तो भरीत होता. बाहेरगांवीं व आखातांत गेलेले विद्यार्थी इंग्रजी स्पेलिंगानेंच आपलें नांव शोधितात म्हणून त्यासाठीं वेगळा रकाना ठेविला होता. राऊत झाले, चुरी झाले, सावे झाले, तांडेल, मेहेर, धोडी, वरठा सारे सुखरूप आंत गेले. आणि मग वसईकडून येऊन शाळेंत दाखल झालेल्या एका मुलाचें नांव आलें. आडनांव डि'मेलो. त्या सरशी यंत्र अडलें व पडद्यावर इंग्रजींत एक वाक्य उमटलें. त्याचा अर्थ असा कीं, तुमच्या वाक्यरचनेंत चूक आहे. चार दशकें मुलांच्या वाक्यरचनेंतील चुका तांबड्या शाईनें दाखविणाऱ्या मला, एका यंत्रानें असें सांगावें! मीं चष्मा पुसून पुन्हां वाचलें. आडनांव रजिस्टरांत होतें तसेंच लिहिलें होतें.

हें आडनांव आमच्या भागाला परकें नाहीं. १५३४ सालीं वसई पोर्तुगिजांच्या ताब्यांत गेली, व १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती घेईपर्यंत दोनशें वर्षें त्यांच्याकडे राहिली. त्या काळांत येथील जे लोक ख्रिस्ती झाले त्यांनीं पोर्तुगीज आडनांवें घेतलीं. 'द' हा त्या भाषेंतील 'चा' या अर्थाचा शब्द पुढें इंग्रजी अमदानींत नुसता 'डी' होऊन राहिला व त्याच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखें एक चिन्ह बसलें. डि'सोझा, डि'सिल्वा, डि'मेलो हीं नांवें तशीं झालीं. आज वसई तालुक्यांतल्या शाळांत हजेरी घ्या, हें चिन्ह आपणांस भेटल्यावांचून राहणार नाहीं.

यंत्र अडलें तें याच चिन्हापाशीं. माझ्या विद्यार्थ्याच्या पानांत डेटाबेसाला द्यावयाचें वाक्य असें बनत असे : आज्ञेचा पहिला अर्धा भाग, मग एक अवतरणचिन्ह, मग पानावर भरलेलें आडनांव, मग दुसरें अवतरणचिन्ह, आणि उरलेला भाग. हे तुकडे एकास एक जोडून अखंड वाक्य तयार होई व रखवालदाराकडे जाई. पाटील हें आडनांव दोन अवतरणचिन्हांच्या मध्यें निमूट बसतें. परंतु डि'मेलो यांतील चिन्ह व अवतरणचिन्ह हीं त्या भाषेंत एकच आहेत! तेव्हां 'डि' इतकें वाचून होतांच रखवालदाराची समजूत झाली कीं आडनांव संपलें, आणि पुढील 'मेलो' हा आज्ञेचाच कांहीं भाग असला पाहिजे. तसली आज्ञा त्याला ठाऊक नव्हती, म्हणून तो वाक्यरचनेवर घसरला. मराठींत विरामचिन्हें रूढ केलीं तीं मेजर कँडी यांनीं, तींही एकोणिसाव्या शतकांत. त्यापूर्वींचा मोडी मजकूर अवतरणचिन्हांवांचून बिनघोर चालत होता. यंत्राला मात्र तें चिन्ह म्हणजे कुंपणाचें फाटक आहे.

माझ्या विद्यार्थ्यानें पहिला उपाय सुचविला तो असा : "गुरुजी, तें चिन्ह गाळून टाकूं. डिमेलो काय नि डि'मेलो काय, सारखेंच." मीं सांगितलें, "बाबा रे, रजिस्टरांतलें नांव बदलण्याचा अधिकार ना मला ना तुला." नांवांतील एका टिंबाच्या फरकामुळें शाळा सोडल्याचा दाखला व आधारपत्र जुळत नाहींत, आणि मग शिष्यवृत्तीसाठीं, पारपत्रासाठीं बापलेक कचेऱ्यांचे खेटे घालीत फिरतात, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

दुसरा उपाय त्यानें पुस्तकांतून काढला. असल्या प्रत्येक चिन्हापूर्वीं एक उलटी तिरपी रेघ द्यावयाची, म्हणजे रखवालदार समजतो कीं हें फाटक नव्हे, हा नांवाचाच भाग आहे. ती रेघ नेमानें, योग्य रीतीनें आणि सर्वत्र दिली तर काम भागतें. अडचण 'सर्वत्र' या शब्दांत आहे. त्यानें नोंदी भरण्याच्या पानांत घाईनें ती दोनदां दिली, म्हणून एक रेघ नांवांतच अडकून राहिली व यादींत प्रत्येक डि'सोझाच्या नांवावर ओरखडा उठला. आणि नोंदी शोधण्याच्या पानांत तो ती द्यावयास मुळींच विसरला. केवळ त्यालाच नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. पीएचपीमध्येंच एके काळीं ही रेघ आपोआप देण्याची 'मॅजिक कोट्स' नांवाची सोय होती. तिनें इतका घोटाळा माजविला कीं २०१२ सालच्या ५.४ या आवृत्तींतून ती काढून टाकावी लागली.

त्या शनिवारीं रात्रीं माझी पुतणी डहाणू लोकलनें घरीं आली. ती मुंबईस हेंच काम करिते. सकाळीं चहा घेतां घेतां तिनें आमचें पान पाहिलें, आणि विचारलें, "काका, शोधण्याच्या चौकटींत मी कांहीं लिहूं का? दादाला राग तर येणार नाहीं?" मीं हो म्हटलें. तिनें आडनांवाच्या जागीं एक निरर्थक अक्षर लिहिलें, मग एक अवतरणचिन्ह दिलें, मग 'किंवा' या अर्थाचा इंग्रजी शब्द, आणि मग 'एक बरोबर एक' असें अवतरणांत लिहिलें. शेवटचें अवतरणचिन्ह तिनें दिलेंच नाहीं; तें आमच्या वाक्यांत आयतेंच तयार होतें. रखवालदाराच्या हातीं वाक्य पडलें तें असें : ज्यांचें आडनांव हें अक्षर आहे, किंवा एक बरोबर एक आहे, अशा सर्वांच्या ओळी दे. आतां एक बरोबर एक हें कोणत्या इयत्तेंत खोटें ठरेल? सारी यादी पडद्यावरून वाहूं लागली. नांवें, पत्ते, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक. त्यांत अलीकडेच शाळा सोडून गेलेल्या मुलींचे घरचे पत्ते होते. कोणी कांहीं बोललें नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें पुढें होऊन पडदा बंद केला.

असल्या दोषाची जाहीर चर्चा १९९८ च्या डिसेंबरांत 'फ्रॅक' नांवाच्या नियतकालिकांत आली होती, म्हणजे हें कांहीं नवें संकट नव्हे. तरी २०१५ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडांतील टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीच्या सुमारें १,५७,००० ग्राहकांची माहिती याच वाटेनें चोरीस गेली, व पुढील वर्षीं तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयानें तिला ४,००,००० पौंड दंड केला.

आम्हां मराठी माणसांना ही जात ओळखीची आहे. १७७३ च्या ऑगस्टांत शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याविषयींची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे : नारायणरावांस 'धरावें' असा हुकूम होता, त्यांतील 'ध' चा कोणी 'मा' केला. ती गोष्ट इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा भाग वेगळा. पण तिचें मर्म पाहा. हुकुमाचें क्रियापद मोकळें राहिलें, दुसऱ्याच्या लेखणीला तेथवर पोंचतां आलें. हुकुमाचा कागद जर आधींच मोहोरबंद असता, व त्यांत केवळ इसमाच्या नांवापुरती जागा कोरी असती, तर लेखणी कोणाच्याही हातीं गेली तरी तिला नांव तेवढें लिहितां आलें असतें.

पुतणीनें जो तिसरा उपाय सांगितला तो नेमका हाच. त्याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. मी पूर्वसिद्ध विधान म्हणेन. शाळेंतील दाखल्याचा छापील नमुना आठवा. 'कुमार, रिकामी जागा, हा या शाळेंत, रिकामी जागा, इयत्तेंत शिकत होता.' वाक्य आधींच छापून झालेलें असतें. रिकाम्या जागेंत कोणी 'रामा' लिहिलें काय, किंवा 'रामा, आणि याची फी माफ करावी' असें लिहिलें काय, वाचणारा त्या साऱ्याला नांवच समजतो. फार तर विचित्र नांव म्हणून हंसतो, परंतु फी माफ करीत नाहीं.

हें विधान सिद्ध करण्याच्या पायऱ्या मीं वहींत उतरून घेतल्या त्या सांगतों. पहिल्यानें डेटाबेसाशीं संबंध जोडावयाचा, व तेव्हांच अक्षरांचा संच कोणता तें सांगून ठेवावयाचें. तो 'यूटीएफएट एमबीफोर' असावा, नाहींतर मराठी अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हें उभीं राहूं शकतात. मग 'स्टेटमेंट इनिट' या आज्ञेनें विधानाचा कोरा कागद मागवावयाचा. येथें नवशिका चुकतो. त्याला वाटतें, विधान हातीं आलें. वास्तविक हातीं आला तो नुसता कागद; त्यावर अद्याप एक अक्षर नाहीं. याच घटकेला कोणी त्यांत नांव भरूं लागला तर पीएचपीच्या अलीकडच्या आवृत्त्या स्पष्ट सांगतात कीं, हें विधान अजून पूर्णपणें सिद्ध झालेलें नाहीं. मला तें वाक्य फार आवडलें. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्यांना असेंच उत्तर द्यावयास हवें.

तिसरी पायरी 'प्रिपेअर'. येथें वाक्य दिलें जातें, परंतु जेथें जेथें बाहेरचा शब्द यावयाचा तेथें एक प्रश्नचिन्ह ठेवतात. रखवालदार तें वाक्य वाचतो, त्याचें व्याकरण तपासतो, असें कोष्टक व असे रकाने आहेत कीं नाहींत तें पाहतो, आणि आज्ञेचा अर्थ कायमचा ठरवून ती बाजूला ठेवितो. या क्षणीं त्याला डि'मेलो कोण हें ठाऊकही नसतें, आणि सारी सुरक्षितता या अज्ञानांतच आहे. चौथी पायरी 'बाइंड पॅरम' : प्रत्येक प्रश्नचिन्हाशीं एकेक किंमत बांधावयाची, व ती कोणत्या जातीची तें एका अक्षरानें सांगावयाचें. मजकुरास एस, पूर्णांकास आय, दशांश अपूर्णांकास डी, व चित्रासारख्या मोठ्या ऐवजास बी. आमच्या यादींत आडनांव, गांव व जन्मवर्ष होतीं, तेव्हां अक्षरें झालीं एस, एस, आय. प्रश्नचिन्हें तीन आणि अक्षरें दोन असें चालत नाहीं. शेवटीं 'एक्झिक्यूट'. मग या किंमती वेगळ्या पाकिटांतून रखवालदाराकडे जातात व तो त्या कोऱ्या जागीं ठेवितो. आज्ञा आणि ऐवज एका थैलींत कधीं येतच नाहींत.

कागद मागविणें व त्यावर मजकूर छापणें हीं दोन कामें एकदम उरकण्याचीही सोय आहे. संबंध जोडलेल्या वस्तूलाच 'प्रिपेअर' म्हटलें कीं ती दोन्ही करिते, आणि पुतणीच्या म्हणण्याप्रमाणें नेहमीं हाच मार्ग वापरतात. तरी शिकणाऱ्यानें एकदां तरी पायऱ्या सुट्या चढाव्या असें माझें शिक्षकी मत आहे. भागाकार आल्यावर कोणी लांब मांडणी करीत नाहीं. म्हणून ती शिकवूंच नये असें होत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें लागलीच पान नव्यानें लिहावयास घेतलें व दोन चुका केल्या. त्या सांगण्यासारख्या आहेत. संवयीनें त्यानें प्रश्नचिन्हालाही अवतरणचिन्हांत घातलें. त्याबरोबर तें कोरी जागा राहिलें नाहीं, प्रश्नचिन्ह हाच मजकूर झाला, आणि भरावयास जागाच उरली नाहीं. दुसरी चूक अशी कीं, प्रत्येक मुलाच्या नोंदीसाठीं तो विधान पुन्हां सिद्ध करीत होता, म्हणजे दर दाखल्यासाठीं नवा नमुना छापखान्यांतून काढण्यासारखें. विधान एकदांच सिद्ध करावें, किंमती एकदांच बांधाव्या. बांधलेली असते ती किंमत नव्हे, किंमत ठेवण्याची पेटी. पेटींतला जिन्नस बदलून 'एक्झिक्यूट' म्हणत गेलें कीं तेंच विधान हजार वेळां चालतें.

या सोयी पीएचपींत २००४ सालच्या पांचव्या आवृत्तीपासून आहेत. पीडीओ नांवाची दुसरी पद्धत पुढल्याच वर्षीं ५.१ या आवृत्तीबरोबर आली. पीडीओ मात्र मायएसक्यूएलशीं बोलतांना, मुद्दाम बजावलें नाहीं तर, विधान रखवालदाराकडे सिद्ध करून घेत नाहीं. स्वतःच सर्व जोडून पाठविते. ती तें कुशलतेनें करिते, तरी खरें पूर्वसिद्ध विधान हवें असेल त्यानें ती लकब बंद करून ठेवावी.

या युक्तीनें सर्व भागतें असेंही नाहीं. कोष्टकाचें किंवा रकान्याचें नांव प्रश्नचिन्हाच्या जागीं देतां येत नाहीं, कारण तें ठाऊक नसतां वाक्याचा अर्थच लागत नाहीं. तेथें आपण ठरविलेल्या नांवांपैकींच एक निवडूं द्यावें. आणि बाहेरचा शब्द आधींच वाक्यांत जोडून मग तें वाक्य सिद्ध करणें म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप लावणें. शिवाय हा बंदोबस्त वाक्याचा आहे, सत्याचा नव्हे. आमच्या यादींत पाहावें तों निम्म्याअधिक मुलांचा जन्म १ जूनचा! शाळेंत घालतांना आईबापांना तारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी आपले १ जून टाकून मोकळे होत. त्यांतल्या पुष्कळ नोंदी माझ्याच हस्ताक्षरांत आहेत. पूर्वसिद्ध विधानानें त्या सर्व अत्यंत बिनचूक रीतीनें कोठारांत नेऊन ठेविल्या.

संध्याकाळपर्यंत शोधण्याचें पानही बदललें. पुतणीनें पुन्हां तेंच 'एक बरोबर एक' लिहून पाहिलें. अशा आडनांवाचा कोणी विद्यार्थी नाहीं, असें उत्तर आलें. मग आम्ही रजिस्टरांत अडलों होतों त्या ओळीवर परतलों, आणि डि'मेलो चिन्हासह, ओरखड्यावांचून, आंत गेला.

मला राहवेना. त्या मुलाचा क्रमांक एकाकडून मिळवून मीं त्याला दूरध्वनी केला. मुलगा कसला, आतां पन्नाशीला आलेला गृहस्थ. झालेली हकीकत मीं मोठ्या उत्साहानें सांगितली. तो मनापासून हंसला, आणि म्हणाला, "गुरुजी, आम्ही तें चिन्ह सोडून पुष्कळ वर्षें झालीं. बँकेच्या अर्जांत बसत नव्हतें, तिकिटावर बसत नव्हतें. शेवटीं पारपत्र काढतांना मींच गाळून टाकलें. आतां मुलांच्या नांवांतही नाहीं."

यादींत मग काय ठेवूं, असें मीं विचारलें. तो थोडा वेळ थांबला. "तुमच्या रजिस्टरांत माझ्या बापानें सांगून लिहविलें आहे ना, तें राहूं द्या," असें तो म्हणाला.